जमा यांच्या खात्यात, नावे माझ्या

प्रश्न असा आहे: "आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात पूजा, पारायण, सत्संग याशिवाय विषय नाही. मी नास्तिक नाही, पण इतकं सोसत नाही. बोललं की 'तुझी श्रद्धाच नाही' म्हणतात. या वयात समतोल साधायचा तरी कसा?"

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं. सात-आठ वर्षांपूर्वी हेच गाऱ्हाणं मी फोनवर बहिणीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "पीत तर नाहीत ना? मग गप्प बस." तुम्हालाही हे उत्तर कुणीतरी दिलंच असेल. त्याचा काडीचा उपयोग होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं लग्न १९८२चं. हे सरकारी बँकेत, मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. आधी सदाशिव पेठेत वाड्यातल्या दोन खोल्या, मग कोथरूडला फ्लॅट. देवघर पहिल्यापासून माझ्याकडे. शाळा सकाळी सातची, त्याआधी डबे आणि त्याआधी देव. देवांना आंघोळ, गंध, दोन फुलं, निरांजन, नमस्कार, की पाच मिनिटांत पूजा आटोपली. त्यातच एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे. हे तेव्हा संकष्टीलासुद्धा देवघराकडे फिरकायचे नाहीत. गणपतीत आरतीला टाळ वाजवायचे, तोही ठेका सोडून.

हे २०१५ साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले, मी २०१७ साली. मधली दोन वर्षं सकाळी मी घरात नसायचेच, त्यामुळे काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. घरी बसले आणि कळलं की देवघराचा चार्ज दुसऱ्या कुणीतरी घेतलाय. दहाच्या ठोक्याला पूजा सुरू. सोळा उपचार, अथर्वशीर्ष, पुरुषसूक्त, आरती. साडेअकराला नैवेद्य. आणि नैवेद्य म्हणजे वाटीतलं दूध-साखर नाही हो, लिंबू-मिठापासून वरणभातापर्यंत वाढलेलं अख्खं पान.

पहिले काही महिने मला बरंच वाटलं. पस्तीस वर्षांनी कुणीतरी माझ्या हातातलं काम घेतलं होतं. मग हळूहळू लक्षात आलं की काम घेतलेलंच नाही, वाढवलंय. फुलं मी आणायची, दूर्वा मी निवडायच्या, गंध उगाळून मी ठेवायचं, ताम्हन-पळी-पंचपात्र मी लखलखीत करायचं, आणि साडेअकराला पान तयार असावं म्हणून सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचं मी सोडायचं. हे सोवळं नेसून बसणार आणि "तुळस?" म्हणून हात मागे करणार. मी तुळस देणार.

मी गणिताची बाई. भांडायच्या आधी मोजते. एक आठवडा कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली, रोजची मिनिटं लिहून काढली. यांची पूजा, सरासरी ९५ मिनिटं. यांच्या पूजेपायी माझी मिनिटं: उपकरणी घासणं २०, फुलं-दूर्वा-तुळस २५, वाती आणि गंध १०, नैवेद्याचं वेगळं पान ४०, नंतरचं निर्माल्य आणि आवराआवर १५. बेरीज ११०.

शनिवारी रात्री ते पान यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "अहो, जन्मभर बँकेत काढलात ना, मग हा ताळेबंद तपासा. पुण्य तुमच्या खात्यात जमा आणि नावे माझ्या. असलं व्हाउचर तुम्ही पास केलं असतंत का?"

हे हसले नाहीत. दोन दिवस अबोला. बोलायला नको होतं असं मलाही वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून खसाखसा आवाज. जाऊन बघते तर हे पाटावर बसून ताम्हन घासतायत. बनियन पोटावर भिजलेला, चष्म्यावर शिंतोडे आणि ताम्हन असं गुलाबी झालेलं की मी इतक्या वर्षांत कधी काढलं नसेन. त्याच उत्साहात तांबं घासायची पूड चांदीच्या निरांजनाला लावली, त्याचे ओरखडे अजून आहेत. मी काही बोलले नाही. ताई, या ठिकाणी जीभ आवरणं हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं काम आहे. "असं नाही घासत, द्या इकडे" एवढं म्हणालात की पुढची वीस वर्षं उपकरणी तुमच्याच गळ्यात.

तेव्हापासून पूजेची तयारी ते करतात. पूर्ण पान सणावारी, एरवी दूध-साखर किंवा जे शिजलं असेल ते. तळजाई मला परत मिळाली. यांची पूजा मात्र ९५ मिनिटांवरून १४०वर गेली, कारण तयारी आता पूजेतच धरतात.

माझीही एक चूक होती. मी टिंगल करायचे. मुलगी-जावई आले की, "बाबांनी देवघरात ब्रँच उघडलीय" वगैरे. सगळे हसायचे, हेही हसायचे. एकदा मी यांची जपाची वही सहज उघडली. आखलेले रकाने. तारीख, सकाळच्या माळा, संध्याकाळच्या माळा, एकूण. पानाच्या शेवटी बेरीज आणि बेरजेखाली स्वतःची आद्याक्षरं, रोजची कॅश मिळाली की करायचे तशी. आणि पूजेची वेळ दहा का, तेही तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पस्तीस वर्षं दहाला काउंटर उघडणाऱ्या माणसाला दहा वाजता कुठेतरी बसायला जागा हवी होती. मला वाटत होतं हे देवाच्या नादी लागले. खरं तर यांना सकाळचे दहा वाजलेले सोसत नव्हते.

तो एक पदर. दुसरा त्यानंतर वर्षभराने कळला. यांचा बँकेतला मित्र, वर्षानुवर्षं एकत्र डबा खाल्लेला, झोपेतच गेला. वैकुंठ स्मशानभूमीतून आल्यावर हे आंघोळ करून बसले आणि विष्णुसहस्रनाम म्हणायला लागले. रात्री मला जाग आली तेव्हाही पुटपुटणं चालूच होतं. आठवड्याने विचारलं तर म्हणाले, "म्हणत असलो की भीती वाटत नाही." एवढंच. त्यावर मी काय बोलणार? त्या दिवसापासून ब्रँचचा विनोद बंद केला.

म्हणून तुम्हाला विचारते, तुमच्या यजमानांचं पारायण कशाच्या जागी आलंय? ऑफिसच्या, भीतीच्या, मित्रांच्या, की खरोखर देवाच्या? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि इलाजही वेगळा. सत्संगाला जाणाऱ्या निम्म्या मंडळींना संध्याकाळी सहाला कुणीतरी "या, बसा" म्हणायला हवं असतं, असा माझा अंदाज आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला श्रद्धा म्हणून बायकोवर उगारू नये.

आमच्या घरात खरा तोडगा एका लग्नात सापडला. भाच्याचं लग्न होतं, पौरोहित्याला बाई होत्या. पुण्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, इतर ठिकाणीही वर्ग निघाले, आणि या बायका मंत्राचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावतात. तर कन्यादानाच्या वेळी त्यांनी सांगितलं की वधूचा पिता वराला म्हणतो, "धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्", धर्म, अर्थ आणि काम यांत हिला ओलांडून जाऊ नकोस. आणि वर म्हणतो, "नातिचरामि". नाही ओलांडणार.

आमच्या लग्नात भटजींनी हे इतक्या झपाट्यात उरकलं होतं की यांनी काय कबूल केलं ते यांनाही कळलं नव्हतं. परतताना रिक्षात मी म्हटलं, "ऐकलंत? यादीत पहिला धर्मच आहे." हे थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण मोक्ष नाहीये त्यात." खरंच की! पुरुषार्थ चार आणि वचन तिघांचंच. मी म्हटलं, "म्हणजे मोक्षाचं ज्याचं त्याने बघायचं, आणि धर्माचं बायकोला विचारून." रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं.

थट्टेत निघालेलं हे वाक्य आम्ही तेव्हापासून खरोखर वापरतो. जे ओट्यावरून जातं, पैशातून जातं, पाहुण्यांतून किंवा दोघांच्या वेळेतून जातं, ते 'धर्मात'. ते विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. घरी सत्यनारायण, पंचवीस जणांचा प्रसाद, चारधाम, देणगी, हे सगळं त्यात येतं. जप, पोथी, मौन, पहाटे उठणं हे 'मोक्षात'. ते स्वतःच्या हाताने करायचं आणि दुसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही. घरात वाद झाला तर तो आता "देव आहे की नाही" यावर होत नाही, "हे कुठल्या खात्यात घालायचं" यावर होतो. तो वाद दहा मिनिटांत संपतो.

उदाहरण सांगते. २०२३ला श्रावण अधिक आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. (चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५चं, दरवर्षी अकराएक दिवसांची तूट साचते आणि साधारण तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा घालून दोन्ही जुळवतात. मी पोरांना हे फळ्यावर काढून दाखवायचे.) जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, तेही घरचे, अशी यांची इच्छा. खातं धर्माचं, म्हणून रीतसर विचारलं. मी सांगितलं, माझे गुडघे ओट्याशी तीन तास उभे राहणार नाहीत. तुम्ही करा, मी खुर्चीत बसून सांगते.

तांदूळ तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं, हे पहाटे उठून बदलायचे. मग सावलीत पंचावर पसरून वाळवणं, दळणं, चाळणं, गूळ घालून पीठ मुरवणं. आणि आठवड्याने तुपाची कढई. पहिला अनारसा खसखशीवर थापला, तुपात सोडला आणि तो हसला. म्हणजे विरघळून तुपभर पसरला. दुसराही हसला. तिसरा हसायला लागला तेव्हा यांचा चेहरा असा झाला की मला आवरेना, आणि मग कढईत अनारसे हसतायत, खुर्चीत मी आणि झारा हातात धरून हे. पिठात गूळ जास्त झाला होता, थोडी कोरडी पिठी मिसळल्यावर जमलं. तेहतीस मोजून भरले, त्यातले चार तुटके. जावयाने दोन खाल्ले, बाकीचे डब्यातून परत आमच्याकडे आले. पण त्या अनारशांवरून घरात भांडण झालं नाही, हे मी मोठं मानते. आधीच्या अधिक महिन्यात, २०२०ला, झालं होतं.

उपासाचं मात्र आम्ही मोक्षात घातलं आणि फसलो. यांना मधुमेह. निर्जला एकादशीला सकाळची गोळी घेतली आणि पोटात काही नाही. दुपारी चारला दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलण्यात असंबद्धपणा. मी चमच्याने साखरपाणी पाजलं, थोड्या वेळाने माणूस ताळ्यावर आला. डॉक्टर रागावले ते दोघांवर. साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहणं धोक्याचं, आणि उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी चापणं म्हणजे नुसता स्टार्च. तेव्हापासून एकादशीला गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारून ठरतं आणि निर्जला कायमची रद्द. तुमच्याकडे रक्तदाब, साखर, काही असेल तर श्रद्धेची चर्चा नंतर करा, आधी हे विचारून घ्या.

पैशाचं थोडक्यात. पाच हजारांच्या वरचं दान दोघांच्या होकाराशिवाय नाही. यांच्या सत्संगातल्या एका गृहस्थांनी एकदा बांधकामासाठी मोठी रक्कम सुचवली होती. "घरी विचारून सांगतो" म्हटल्यावर त्यांनी यांना बायकोच्या मुठीतला ठरवलं. ठरवू दे. आणि कुणी बाबा-महाराज औषध बंद करायला सांगत असेल, अंगारे-दोरे देऊन भीती घालत असेल, तर तिथे समतोल वगैरे काही साधत बसू नका. सरळ नाही म्हणा. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला सकाळी याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. माझ्या वयाच्या कुठल्याही पुणेकराला त्या पुलावरून जाताना ते आठवतंच. हेही तिथे हात जोडतात. ओंकारेश्वरासाठी की आणखी कशासाठी, मी विचारलेलं नाही.

यांच्याबरोबर मी कुठवर जाते, तेही सांगते. करोनाच्या दोन वर्षांत पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ला वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा यांनी पुणे ते सासवड चालायचं ठरवलं, दिवे घाटाचा तो लांबलचक टप्पा. मला वारीची हौस आहे पण घाटाची नाही. पहाटे भवानी पेठेतून पालखीबरोबर निघालो आणि हडपसरपर्यंत मी चालले. तिथे दोन्ही पालख्यांचे रस्ते फुटतात, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, माउलींची सासवडकडे. हे एका बाजूला गेले, मी तिसऱ्याच, घरी. यात कुणी रूपक शोधू नये. मला बस मिळाली आणि बसायला जागाही मिळाली, हे त्या दिवसाचं माझं पुण्य.

उलट बाजूने, डिसेंबरात सवाई असतं, सवाई गंधर्व संगीत महोत्सव. ते माझं तीर्थक्षेत्र, कॉलेजात असल्यापासूनचं. निवृत्तीनंतर हे यायचे बंद झाले होते, संध्याकाळची आरती चुकते म्हणून. आता एक दिवस येतात. आरती त्या दिवशी सकाळीच दोनदा करतात, माझी हरकत नाही.

यंदा यांना सत्तर पूर्ण झाली. भीमरथी शांत करायची, हॉल घ्यायचा, शंभर माणसं बोलवायची, असं यांच्या मनात. मला ते नको होतं, अहेराच्या स्टीलच्या डब्यांची कल्पनाही नको होती. तीन आठवडे खाती तपासली. शेवटी घरीच, पौरोहित्याला त्याच बाई, माणसं अकरा, आणि जेवण बाहेरून. यांना होम हवा होता, तो झाला. मला दुपारी झोप हवी होती, ती झाली. कुणाचंच शंभर टक्के झालं नाही.

आणि "तुझी श्रद्धाच नाही" हे वाक्य. ते मीही ऐकलंय. माझ्या माहेरची अन्नपूर्णेची मूर्ती यांनी सगळ्या देवांबरोबर एकदा पॉलिश करायला दिली होती, मला न विचारता. तिच्या खालचे तांदूळ मी दर शुक्रवारी बदलते, लग्नापासून, शाळा असताना, बाळंतपणं सोडून प्रत्येक आठवड्याला. त्या शुक्रवारी जागेवर बघते तर नाही. मी इतकी चिडले की हे घाबरले. म्हणाले, "अगं, पण तू तर देवघरात येतसुद्धा नाहीस." मी म्हटलं, "शुक्रवारी येते. तुम्ही तेव्हा भाजी आणायला जाता." त्यांना हे छत्तीस वर्षांत माहीतच नव्हतं. तुमचंही असं काहीतरी असेल, जे तुम्ही कधी मोठ्याने केलेलं नाही. एकदा सांगून टाका. आमच्याकडे ते वाक्य त्यानंतर आलेलं नाही.

बाकी, भांडण एका बैठकीत मिटवायला जाऊ नका. आधी आठवडाभर मिनिटं लिहा, मग पान पुढे ठेवा. मुलांसमोर नको. आणि वाती विकतच्या आणा. तुळशीबागेत पाकिटं मिळतात, हजाराच्या हिशोबात. यांना वाती वळायला शिकवण्यात मी दोन महिने घालवले, अजूनही त्यांची वात निरांजनात उभी राहत नाही.